बैठका मारल्यावर दुसऱ्या दिवशी मांड्या का धरतात? स्नायू आखडतो म्हणजे आत नक्की काय आखडतं?

येळ्ळूरचा_गडी:

नमस्कार मंडळी. मी येळ्ळूरचा. एसएसएलसीपर्यंत मराठी माध्यमात शिकलो, आता बेळगावात पीयूसीच्या पहिल्या वर्षाला सायन्स घेतलंय. पहाटे तालीम, मग बस पकडून कॉलेज, असं चाललंय. दोन प्रश्न आहेत, पण मला वाटतं मुळात ते एकच आहेत.

दसऱ्यानंतर वस्तादांनी मेहनत वाढवली. जोर, सपाट्या, दोरावर चढणं हे अंगवळणी पडलेलं होतं, पण बैठका एकदम वाढवल्या आणि दुसऱ्या दिवशी उठताच येईना. त्या संध्याकाळी काहीच नव्हतं. घरी आलो, जेवलो, झोपलो. सकाळी खाटेवरून पाय खाली सोडला तर मांड्या धरलेल्या. त्याच्या दुसऱ्या दिवशी अजून जास्त. आणि जिना चढताना एवढं नाही, उतरताना मात्र कठडा धरावा लागतो, हे मला फार चमत्कारिक वाटलं. वस्ताद म्हणतात अंग आंबलंय, तेल लावून रगड आणि थोड्या बैठका मारच, सुटेल. कॉलेजातला मित्र म्हणतो लॅक्टिक अ‍ॅसिड साठलंय. आजी म्हणते रक्त साकळलंय. तिघांचंही ऐकतो, पण आत काय झालंय ते कुणी सांगत नाही.

दुसरा प्रश्न पुस्तकातला. बायॉलॉजीत स्नायूंचा धडा चालू आहे. सगळं इंग्रजीत. पाठ करूलोय, पण डोक्यात शिरत नाही. पुस्तकात लिहिलंय की स्नायू आकुंचन पावतो तेव्हा गडद पट्ट्याची लांबी बदलत नाही, फिकट पट्टा तेवढा अरुंद होतो. जाड तंतू आखूड होत नाही, बारीक तंतूही आखूड होत नाही, आणि स्नायू मात्र आखूड होतो. मग आखडतं काय? सरांना विचारलं, त्यांनी फळ्यावर आकृती परत काढली. आकृती मला काढता येते हो. ती माझ्या मांडीत कुठं आहे ते कळायला पाहिजे.

कुणी डॉक्टर, शिक्षक, जाणकार असतील त्यांनी मराठीत समजावून सांगा. लांबलं तरी चालेल. तालमीतली आणखी पोरं वाचणार आहेत.


टिळकवाडी_जिम:

भावा, मित्र बरोबर सांगतोय. आमच्या जिमातही हेच सांगतात, लॅक्टिक अ‍ॅसिड साठतं म्हणून दुखतं. पाणी भरपूर पी, गरम पाण्यानं अंघोळ कर, दोन दिवस पायाला सुट्टी दे. पुस्तकाचं मला माहीत नाही, मी कॉमर्सचा.


खानापूरची_फिजिओ:

मी फिजिओथेरपिस्ट आहे. गाव खानापूर तालुक्यातलं, काम बेळगावात. मैदानांच्या हंगामात माझ्याकडे पैलवान येतात, कारखाने सुरू झाले की चिकोडी-अथणीकडून उसाच्या मोळ्या वाहणारे येतात, पावसाळ्यात भाताची लावणी उरकली की आमच्याच भागातल्या बायका कंबर धरून येतात. सगळ्यांचा प्रश्न तुझाच असतो. त्यांना गोळी मिळते, उत्तर मिळत नाही. तू उत्तर मागितलंस याचा मला मनापासून आनंद झाला, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी लॅक्टिक अ‍ॅसिडचा विषय संपवते. जोरात मेहनत केली की रक्तात लॅक्टेट, म्हणजे लॅक्टिक अ‍ॅसिडचंच शरीरातलं रूप, वाढतं हे खरं. पण थांबल्यावर साधारण तासाभरात ते पूर्वपदावर येतं. हृदय आणि यकृत ते वापरून टाकतात. तू जेवायला बसलास तोवर ते गेलेलं होतं. दुसऱ्या दिवशी सुरू होणारं आणि तिसऱ्या दिवशी वाढणारं दुखणं त्याच्या माथी मारता येत नाही. शिवाय तुमच्या राजहंसगडाचंच बघ. पळत चढताना धाप लागते, मांड्या पेटतात, लॅक्टेट तेव्हाच जास्त तयार होतं. उतरताना दम लागत नाही. तरी दुसऱ्या दिवशी मांड्या धरतात त्या उतरल्यामुळे. मेहनत करतानाचं दुखणं वेगळं आणि दुसऱ्या दिवशीचं वेगळं, हे अमेरिकेत थिओडोर हफ यांनी १९०२ मध्येच नोंदवलं होतं, आणि दुसऱ्या प्रकारामागे स्नायूच्या आत काहीतरी फाटत असावं असा त्यांचा अंदाज होता. आजींचं म्हणणंही इथं लागू नाही. रक्त साकळलं तर बहुधा एका जागी सूज येते, कातडी काळीनिळी पडते. तुझ्या दोन्ही मांड्या सारख्याच धरल्यात.

आता आत शिरूया. घरी मटण आणतील तेव्हा कच्चा तुकडा हातात घेऊन बघ. वरून पातळ, चकचकीत पांढरा पापुद्रा दिसेल. तो संपूर्ण स्नायूचं आवरण. शिजल्यावर तुकडा बोटांनी सोडवलास तर लांब लांब धागे सुटतात. तो एकेक धागा म्हणजे स्नायुपेशींची जुडी, आणि प्रत्येक जुडीलाही तिचं स्वतःचं पातळ आवरण असतं. ही सगळी आवरणं टोकाला एकत्र येऊन कंडरा होते आणि हाडाला चिकटते. तुझ्या मांडीत हेच आहे, फक्त मोठ्या आकारात.

त्या धाग्याच्या आत डोळ्यांना न दिसणाऱ्या पेशी असतात. स्नायूची एक पेशी १० ते १०० मायक्रॉन जाड असते (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), पण लांबी कित्येक सेंटीमीटर असू शकते. आईच्या पोटात असताना अनेक लहान पेशी एकमेकींत मिसळून ती तयार होते, म्हणून तिच्यात एक नाही, शेकडो केंद्रकं असतात. आणि पेशीच्या आत लांबीच्या दिशेनं शेकडो, कधी हजारांवर तंतुके खच्चून भरलेली असतात, प्रत्येक साधारण एक मायक्रॉन जाडीचं. पुस्तकातले गडद आणि फिकट पट्टे या तंतुकांवर दिसतात. सार्कोमिअर म्हणजे त्या तंतुकाचा एक कप्पा, विश्रांतीत साधारण दोन-अडीच मायक्रॉन लांब. कप्प्याच्या दोन्ही टोकांना झेड रेषा. झेड रेषांना चिकटून आत येणारे बारीक तंतू अ‍ॅक्टिनचे, आणि मधोमध असलेले जाड तंतू मायोसिनचे; ही दोन्ही प्रथिनं. जाड तंतू आहेत तेवढा गडद पट्टा, नुसते बारीक तंतू आहेत तो फिकट.

आता दोन्ही हातांची बोटं सरळ ठेवून टोकं एकमेकांत थोडी घाल आणि हात जवळ आण. बोटं एकमेकांत सरकली, दोन मनगटांमधलं अंतर कमी झालं, पण एकाही बोटाची लांबी कमी झाली नाही. सार्कोमिअरमध्ये होतं ते इतकंच. तुला अडलेलं वाक्य याच सरकण्याचा पुरावा आहे. पुष्कळ वर्षं शास्त्रज्ञांना वाटत होतं की तंतू स्वतःच दुमडत किंवा गुंडाळत असतील. १९५४ मध्ये ‘नेचर’च्या एकाच अंकात दोन निबंध लागोपाठ आले. एक ह्यू हक्सली आणि जीन हॅन्सन यांचा, दुसरा अँड्र्यू हक्सली आणि रॉल्फ नीडरगर्के यांचा. दोघे हक्सली एकमेकांचे कुणी लागत नव्हते. एका जोडीनं सशाच्या स्नायूतली सुटी तंतुकं पाहिली, दुसऱ्या जोडीनं बेडकाचा जिवंत स्नायुतंतू. दोन्हीकडे गडद पट्टा होता तेवढाच राहिला, फिकट पट्टा अरुंद झाला. तंतू दुमडत असते तर गडद पट्टाही आखूड व्हायला हवा होता.

पट्टी घे आणि वहीत मोठं करून काढ, म्हणजे पक्कं होईल. एका मायक्रॉनला एक सेंटीमीटर धर. दोन झेड रेषांत २५ मिलिमीटर अंतर, प्रत्येक झेड रेषेपासून आत येणारा बारीक तंतू १० मिलिमीटर, मधोमध जाड तंतू १६ मिलिमीटर. खाली दुसरी आकृती काढ, सगळं तेवढंच, फक्त झेड रेषांतलं अंतर २० मिलिमीटर. पहिल्या आकृतीत मधे बारीक तंतूंच्या टोकांमध्ये ५ मिलिमीटरची मोकळी जागा दिसेल, दुसरीत ती राहणार नाही. फिकट भाग एका बाजूला साडेचारवरून दोनवर येईल. गडद पट्टा दोन्हीत १६च. आता हिशोब कर. १० सेंटीमीटर लांब पेशीत असे सुमारे ४० हजार कप्पे एकापुढे एक असतात. प्रत्येक कप्पा अर्धा मायक्रॉन आखडला तर पेशी २ सेंटीमीटरनं आखडते. दंड असा वर येतो.

पण सरकवतं कोण? जाड तंतूतल्या मायोसिनच्या रेणूंना डोकी असतात, बाजूला बाहेर आलेली. एका जाड तंतूत सुमारे ३०० रेणू, प्रत्येकाला दोन डोकी. डोकं अ‍ॅक्टिनला पकडतं, वाकतं, बारीक तंतूला पाच-दहा नॅनोमीटर मधल्या दिशेनं ओढतं, मग सुटतं, पुन्हा ताठ होतं आणि पुढची जागा पकडतं. सगळी डोकी एकाच वेळी सुटत नाहीत, म्हणून ओढलेलं मागे घसरत नाही.

इथं मी जरा थांबते, कारण पोरं नेमकी इथंच घाईघाईनं पुढं जातात. एटीपी हे या कामाचं इंधन, हे तू वाचलं असशील. पण ते नक्की कुठं लागतं बघ. डोकं वाकतं आणि ओढतं तेव्हा ते आधीच ताठलेलं असतं, एटीपी तुटून मिळालेली शक्ती त्यात साठलेली असते. ओढून झाल्यावर ते अ‍ॅक्टिनला घट्ट चिकटलेलंच राहतं. नवा एटीपीचा रेणू येऊन डोक्यावर बसला तरच पकड सुटते. म्हणजे सोडायलाही एटीपी लागतं. माणूस गेल्यावर काही तासांत अंग ताठ होतं, हे आपल्या खेड्यापाड्यांत सगळ्यांनी पाहिलेलं असतं. त्या वेळी स्नायूंना कुणी आज्ञा देत नसतं. एटीपी संपलेलं असतं, डोकी अ‍ॅक्टिनला धरून बसलेली असतात आणि त्यांना सोडवणारं काही उरलेलं नसतं. दीड-दोन दिवसांनी प्रथिनंच मोडायला लागतात, तेव्हा अंग पुन्हा सैल पडतं.

स्नायू ढिला पडायला दुसरीकडेही एटीपी जातं. आज्ञा आली की पेशीच्या आतल्या पिशव्यांतून कॅल्शियम बाहेर सुटतं. ते बारीक तंतूवरच्या ट्रोपोनिन या प्रथिनावर बसतं, ट्रोपोनिन शेजारच्या ट्रोपोमायोसिन या प्रथिनाला बाजूला सरकवतं, आणि अ‍ॅक्टिनवरच्या झाकलेल्या जागा उघड्या पडतात. मगच डोकी पकडू शकतात. आज्ञा थांबली की ते सगळं कॅल्शियम पंपांनी परत पिशव्यांत भरावं लागतं, आणि हे पंप एटीपीवर चालतात. माझ्याकडे येणारा प्रत्येक जण ढिलं पडणं म्हणजे काही न करणं असं समजतो. पेशीच्या बाजूनं बघितलं तर ते काम आहे, आणि खर्चाचं काम आहे.

आता तुझ्या बैठका. उठताना मांडीचा पुढचा स्नायू आखडत असतो, डोकी ओढतात, सुटतात, पुढं पकडतात. बसताना तोच स्नायू लांबत असतो आणि लांबता लांबता धरूनही ठेवत असतो, नाहीतर तू धपकन खाली बसशील. या वेळी कितीतरी डोकी एटीपीची वाट न पाहता वजनानंच ओढून काढली जातात. म्हणून उतरताना दम कमी लागतो, खर्च कमी होतो. पण त्याच वजनासाठी शरीर उतरताना कमी पेशी कामाला लावतं, त्यामुळे एकेका पेशीवर ओढ जास्त पडते. ४० हजार कप्पे सगळे सारख्या ताकदीचे नसतात. त्यातले कमजोर कप्पे जास्त ताणले जातात, काहींतले तंतू एकमेकांतून जवळजवळ बाहेर ओढले जातात, झेड रेषा वेड्यावाकड्या होतात, तुटतातही. १९८१ मध्ये स्वीडनच्या संशोधकांनी माणसांना जिने उतरायला लावून पोटरीच्या स्नायूचे नमुने इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, त्यात ही मोडलेली झेड रेषा दिसली.

मोडतोड त्याच क्षणी होते, पण तिथल्या तिथं फारसं दुखत नाही. पुढच्या काही तासांत त्या जागी पाणी धरतं, डागडुजी करणाऱ्या पेशी जमा होतात, त्यांच्यातून सुटणाऱ्या द्रव्यांनी आवरणांतल्या मज्जातंतूंची टोकं हळवी होतात. याला वेळ लागतो. म्हणून रात्री झोप लागली आणि सकाळी मांड्या धरल्या. २४ ते ७२ तास हा त्याचा नेहमीचा काळ. जिना उतरताना जास्त दुखतं, कारण तिथं तोच स्नायू पुन्हा लांबत लांबत वजन धरतो.

वस्तादांनी सांगितलेलं टाकून देऊ नकोस. हलक्या बैठका आणि मालिश यानं तेवढ्यापुरतं बरं वाटतं, आणि दुसरी गोष्ट महत्त्वाची: एकदा असं दुखून बरं झालं की तीच मेहनत पुढच्या वेळी फार कमी दुखते. हे संरक्षण कित्येक आठवडे टिकतं. थोड्या बैठकांनी सुरुवात करून वाढवत नेलं असतं तरी ते मिळालं असतंच, एवढं मात्र वस्तादांना माझ्या वतीनं नम्रपणे सांग.


येळ्ळूरचा_गडी:

अक्का, काय सांगू, दोनदा वाचलं. पट्टीनं आकृती काढली, मधली जागा खरंच संपली. इतके दिवस कुणी माप घालून दाखवलं नव्हतं. मटण रविवारी बघतो.

आता अजून विचारतो, रागावू नका. मेहनत संपता संपता पाय लटपटतात, ते कशानं? लढतीत शेवटी शेवटी मनात असूनही पकड सुटते, तेव्हा एटीपी संपलेलं असतं का? मग तर डोकी चिकटून बसायला पाहिजेत, पकड उलट घट्ट व्हायला पाहिजे. आणि रात्री पोटरीत गोळा येतो तो काय प्रकार? तुम्ही लिहिलंय आज्ञा आली की कॅल्शियम सुटतं. ती आज्ञा पेशीपर्यंत पोचते कशी, तेही राहिलंय.


निपाणीचे_मास्तर:

बाळ, पकडीचा प्रश्न तू फार नेमका विचारलास. मी निपाणी भागात हायस्कूलला विज्ञान शिकवत निवृत्त झालो. फिजिओताईंनी पेशीच्या आतलं इतकं नीट सांगितलं आहे की मी तिकडे जात नाही. आज्ञेचं मात्र मला सांगू द्या, कारण त्याचा आमच्या गावाच्या पिकाशी संबंध आहे.

मज्जारज्जूतून निघालेला एक मज्जातंतू स्नायूत शिरून फांद्या फोडतो आणि अनेक स्नायुपेशींना जाऊन भिडतो. तो तंतू आणि त्याच्या सगळ्या पेशी मिळून एक तुकडी. डोळा फिरवणाऱ्या स्नायूत अशा तुकडीत जेमतेम दहाएक पेशी असतात, पोटरीत हजाराच्या वर. आज्ञा आली की तुकडीतल्या सगळ्या पेशी आखडतात, अर्ध्या आखडल्या अर्ध्या राहिल्या असं होत नाही. जोर कमीजास्त होतो तो किती तुकड्या कामाला लागल्या आणि त्यांना किती भराभर आज्ञा येतात यावर. आधी लहान, चिवट तुकड्या लागतात, वजन वाढेल तशा मोठ्या, जोरदार पण लवकर दमणाऱ्या. अमेरिकेतले एल्वुड हेनेमन यांनी हा क्रम दाखवला.

मज्जातंतू पेशीला प्रत्यक्ष चिकटलेला नसतो. मध्ये अतिशय बारीक फट असते. विजेचा संदेश टोकाला पोचला की तिथून अ‍ॅसिटिलकोलीन नावाचं द्रव्य फटीत सुटतं, पलीकडे पेशीवर ते पकडणारे रेणू असतात, ज्यांना ग्राहक म्हणतात, त्यांच्यावर बसतं, पेशीच्या पडद्यावर नवा विद्युत संदेश उठतो आणि पडद्याच्या आत गेलेल्या नळ्यांतून खोलवर जातो. तिथं कॅल्शियमच्या पिशव्या असतात. फटीतलं अ‍ॅसिटिलकोलीन एक एन्झाइम लगेच मोडून टाकतं, म्हणून एका आज्ञेला एकच झटका.

पेशीवर असं काही ग्राहक असतं, हे पहिल्यांदा सांगितलं केंब्रिजच्या जॉन लँगली यांनी १९०५ मध्ये, आणि ते त्यांना दिसलं तंबाखूच्या निकोटीनमुळे. कोंबडीच्या स्नायूवर निकोटीन लावलं की तो आखडायचा, मज्जातंतू तोडून टाकलेला असला तरी. त्यावर क्युरारे हे दक्षिण अमेरिकेतलं बाणावर लावायचं विष घातलं की आखडणं थांबायचं. म्हणजे निकोटीन मज्जातंतूवर नाही, स्नायूवरच काम करत होतं. त्या ग्राहकांना आजही निकोटीनच्याच नावानं ओळखतात. आमच्याकडची किती घरं तंबाखूच्या शेतावर, वखारीवर आणि विडीवर चालली, आणि आमच्या एकाही पाठ्यपुस्तकात हे आलं नाही याची मला खंत वाटते. मी वर्गात आवर्जून सांगायचो. ओलं पान हाताळताना निकोटीन कातडीतून अंगात जातं, मग मळमळ, चक्कर, अशक्तपणा येतो, हेही त्याच ओघात सांगायचो, कारण समोर बसलेल्या पोरांच्या आया तेच काम करत होत्या.

तसंच औषध मारण्याचं. पिकावर मारायची काही कीटकनाशकं, मोनोक्रोटोफॉस, क्लोरपायरिफॉससारखी, तेच मोडणारं एन्झाइम बंद पाडतात. अ‍ॅसिटिलकोलीन फटीत साचत राहतं. आधी कातडीखाली स्नायू फुरफुरतात, मग अंगातली ताकद जाते, आणि श्वासाचे स्नायू थकले की जीव धोक्यात येतो. औषध मारून आलेल्या माणसाच्या तोंडाला लाळ सुटली, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक झाल्या, स्नायू फुरफुरायला लागले तर त्याचे कपडे काढून अंग साबणानं धुवायचं, धुणाऱ्यानं हातमोजे घालायचे, उघड्या हातानं शिवायचं नाही, आणि लगेच दवाखाना गाठायचा. हे तुझ्या परीक्षेला येणार नाही, तरी लक्षात ठेव.


खानापूरची_फिजिओ:

मास्तर, निकोटीनचं इतकं सविस्तर मीही कॉलेजात ऐकलं नव्हतं. तुमच्या वर्गात बसायला हवं होतं.

येळ्ळूरच्या पैलवाना, रागावू कशाला? पकडीचं तू बरोबर ताडलंस. जिवंत, दमलेल्या स्नायूत एटीपी संपत नाही. साठा फक्त दोन-तीन सेकंदांचा असतो, पण क्रिएटिन फॉस्फेट तो भरत राहतं, ते आठ-दहा सेकंदांच्या जोरात कमी पडलं की साखर मोडून एटीपी बनतं, आणि सावकाश चालणाऱ्या कामात ऑक्सिजनच्या मदतीनं. पेशी एटीपी तळाला जाऊच देत नाही. त्याआधीच ती काम कमी करते. जोराच्या मेहनतीत क्रिएटिन फॉस्फेट मोडून सुटलेलं फॉस्फेट पेशीत साठतं, त्यानं डोक्यांचा जोर घटतो आणि पिशव्यांतून सुटणारं कॅल्शियमही कमी होतं. मेंदूकडून येणारी आज्ञाही क्षीण होते. त्यामुळे पकड सुटते, चिकटत नाही. लटपटीचं मास्तरांच्या तुकड्यांवरूनच समजून घे. ताज्या स्नायूत तुकड्या आलटून पालटून काम करतात, म्हणून ओढ सलग राहते. दमल्यावर कमी तुकड्या उरतात, मोठ्या तुकड्या पुढं येतात, त्यांचे झटके एकसंध मिसळत नाहीत, ते थरथरून दिसतात.

गोळा येतो तो बहुतेक वेळा मज्जातंतूच्या बाजूनं. स्नायू आखडलेल्या स्थितीत असताना आणि दमलेला असताना त्याला आज्ञा देणारे तंतू आपोआप भराभर संदेश सोडायला लागतात. पाय सरळ करून पंजा स्वतःकडे ओढ आणि धरून ठेव. ताण कंडरेतल्या संवेदकांना कळतो, ते मज्जारज्जूला कळवतात आणि आज्ञा कमी होते. चोळण्यापेक्षा हे लवकर गुण देतं. घाम फार गेला असेल तर पाणी आणि मीठ जायला हवं, पण प्रत्येक गोळा मिठाच्या कमतरतेचा नसतो.

दंड-मांड्या भरतात कशा, तेही सांगून ठेवते, कारण पोरं पुढचा प्रश्न तोच विचारतील. नव्या पेशी फारशा वाढत नाहीत. आहेत त्याच जाड होतात, त्यांच्यात तंतुकं वाढतात. स्नायुपेशीच्या बाहेरून चिकटून लहान राखीव पेशी असतात, अलेक्झांडर माउरो यांनी १९६१ मध्ये त्या बेडकाच्या स्नायूत पाहिल्या. मोडतोड झाली की त्या जाग्या होतात, वाढतात, स्नायुपेशीत मिसळून आपली केंद्रकं तिला देतात. याला झोप आणि प्रथिनं लागतात. दूध, अंडी, डाळ, थंडाईतले बदाम, जे परवडेल ते, पण रोज.

आणि एक गोष्ट मी तालमीतल्या प्रत्येक पोराला सांगते. नवख्या पोराला पहिल्याच दिवशी शेकडो बैठका मारायला लावल्या, त्यात ऊन आणि पाणी कमी, तर मोडतोड हाताबाहेर जाऊ शकते. पेशी फुटून त्यांच्यातलं मायोग्लोबिन हे प्रथिन रक्तात उतरतं आणि मूत्रपिंडं निकामी करू शकतं. मांड्या दगडासारख्या कडक होऊन सुजल्या, पाय उचलेना, आणि लघवी कोऱ्या चहासारखी किंवा कोलासारखी गडद झाली, तर हे अंग आंबणं नव्हे. एकच लक्षण दिसलं तरी सगळी दिसायची वाट बघायची नाही. तेल लावायचं नाही, दुखण्याची गोळी घ्यायची नाही, कारण त्यातल्या बऱ्याच गोळ्या मूत्रपिंडावर आणखी भार टाकतात. त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात जाऊन रक्त आणि लघवी तपासायची, आणि डॉक्टरांना बैठका किती मारल्या ते न लाजता खरं सांगायचं. वस्तादांनाही हे वाचून दाखव, आणि नवी पोरं तालमीत येतील तेव्हा त्यांच्या घरच्यांनाही.